पाठकोरा कागद आणि पाठपोट छपाई

जुन्या मराठी मासिकांतून लेखकांसाठीं एक सूचना नेमानें छापलेली असे : लेख कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरांत, समास सोडून लिहिलेला असावा. ही सूचना लहरीची नव्हती. त्या काळीं छापखान्यांत खिळे हातानें जुळवीत. लेख लांब असला म्हणजे त्याचीं पानें सुटीं करून दोघां-तिघां जुळाऱ्यांत वाटून देत. आणि एका जुळाऱ्याच्या हातांतील पानाच्या पाठीवरच दुसऱ्याचा मजकूर असला, तर पहिल्याचें काम होईपर्यंत दुसऱ्यास स्वस्थ बसावें लागे. एकाच बाजूस लिहिण्याची रीत ही अशी कामाच्या सोयींतून निघाली होती. आज ते खिळे गेले, जुळारी गेले, खिळ्यांच्या पेट्याहि गेल्या. परंतु ती रीत मात्र, कारण हरवलें तरी, आमच्या घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत ठाण मांडून बसली आहे. तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हल्लीं प्रकल्पांचे दिवस आले म्हणजे मुलांच्या हातीं छापील कागदांचे गठ्ठे दिसूं लागतात. दहा पानांचा मजकूर, त्याला दहा कागद, आणि दहाहि कागद पाठकोरे. विचारलें तर मुलें सांगतात कीं, एकाच बाजूस छापलेलें चांगलें दिसतें. पालक सांगतात कीं, शाळेस तसेंच लागत असेल. आणि दुकानदार सांगतो कीं, यंत्र तसेंच लावलेलें आहे. ह्या तिन्ही उत्तरांत खरा आग्रह कोणाचाच नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. जें कोणासहि नको, तें केवळ कोणीं विचारलें नाहीं म्हणून चालू राहतें. आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों : शाळेच्या आणि घरच्या छपाईंत पाठपोट हा नियम असावा व एकच बाजू हा अपवाद असावा, आणि जो अपवाद करील त्यानें त्याचें कारण सांगावें.

प्रथम हिशेब पाहूं. आपण ज्यास ए-फोर म्हणतों तो कागद २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर लांब असतो, आणि असे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर भरतो. एका चौरस मीटरास ८० ग्रॅम वजनाचा कागद घेतला, तर एका पानाचें वजन ५ ग्रॅम व पांचशे कागदांच्या रिमाचें अडीच किलो होतें. आतां एका वर्गांत ६० विद्यार्थी धरा, पांच विषय धरा आणि प्रत्येक विषयास दहा पानांचा प्रकल्प धरा. एका बाजूस छापल्यास ३,००० कागद लागतील. पाठपोट छापल्यास १,५००. म्हणजे एका वर्गाच्या एका वर्षाच्या प्रकल्पांतच तीन रिमें, साडेसात किलो कागद वांचतो. येथें अतिशयोक्ति करावयाची नाहीं. शाई दोन्ही प्रकारांत सारखीच लागते, आणि पुष्कळ दुकानदार छपाईचा आकार कागदावर न घेतां बाजूवर घेतात. तेव्हां पालकांचा खर्च एकदम निम्मा होईल असें आम्ही म्हणत नाहीं. निम्मा होतो तो कागद. निम्में होतें तें दप्तरांतील ओझें आणि शाळेच्या कपाटांत अडणारी जागा.

कोणी म्हणेल, हा चिक्कूपणा झाला. मुलांच्या कामास चार कागद अधिक लागले तर काय बिघडलें? ह्याचें उत्तर ग्रंथांच्या इतिहासांत आहे. एकाच बाजूस लिहिलेला मजकूर हा अधिक प्रतिष्ठित, ही समजूत सर्वच थोर ग्रंथपरंपरांस मान्य नाहीं. यहेज्केल संदेष्ट्यापुढें जी गुंडाळी उघडली गेली ती पुढून व मागून लिहिलेली होती; प्रकटीकरणाच्या पांचव्या अध्यायांतील सात शिक्क्यांची गुंडाळीहि तशीच आंतून व पाठीमागून लिहिलेली आहे. प्राचीन काळीं गुंडाळी बहुधा एकाच बाजूस लिहीत. परंतु आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीनें गुंडाळीपेक्षां पानें शिवलेलें पुस्तक पसंत केलें, आणि पुस्तकाचें पान म्हणजे पाठपोट पान. इंग्लंडांतील मँचेस्टर येथील रायलंड्स ग्रंथालयांत योहानकृत शुभवर्तमानाचा एक लहानसा पपायरसाचा तुकडा आहे. तो १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. साधारणपणें तो दुसऱ्या शतकांतला मानतात. त्याच्या एका बाजूस अठराव्या अध्यायाच्या ३१ ते ३३ ह्या वचनांचे, तर दुसऱ्या बाजूस ३७ व ३८ ह्या वचनांचे अंश आहेत. तळहातांत मावेल एवढा तो तुकडा. पण तो पाठपोट लिहिलेला असल्यानेंच विद्वानांस कळलें कीं, तो गुंडाळीचा नव्हे, पुस्तकाचा आहे.

आमच्या देशांतील पोथ्यांचेंहि तेंच. जुन्नरी कागद असो कीं दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा असो, तो हातानें केलेला, मोलाचा कागद. त्याची पाठ कोरी सोडण्याचें लेखकाच्या मनांतहि येत नसे. पोथीचें सुटें पान दोन्ही अंगांनीं लिहीत, व पत्राचा अंक बहुधा पाठीवर घालीत. आणि अगदीं आमच्या गांवचें उदाहरण हवें असेल तर तेंहि आहे. दापोलीच्या मिशन शाळेंत शिकलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे, ज्यांस १९६३ सालीं भारतरत्न ही पदवी मिळाली, त्यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९३० पासून १९६२ पर्यंत पांच खंडांत निघाला. त्याचीं पृष्ठें साडेसहा हजारांच्या आसपास आहेत. तो एकाच बाजूस छापला असता, तर जें आज एका फळीवर मावतें त्याला दोन फळ्या लागल्या असत्या, आणि विद्वत्ता मात्र तिळभरहि वाढली नसती.

न्यायालयांचा कारभार तर जुन्या रीतींस घट्ट धरून चालणारा. तेथें लांबट लीगल कागद एकाच बाजूस वापरण्याची वहिवाट पुष्कळ वर्षांची. परंतु भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि ५ मार्च १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे, ५ मार्च २०२० रोजीं परिपत्रक काढून १ एप्रिल २०२० पासून दाखल होणाऱ्या कागदपत्रांसाठीं ए-फोर कागद व दोन्ही बाजूंस छपाई हा नियम घातला. त्यांत डावीकडे व उजवीकडे चार-चार सेंटिमीटर समास सांगितला आहे. दोन्हीकडे सारखा समास असला म्हणजे पान उलटल्यावरहि शिवणीकडे जागा उरते आणि अक्षर दोऱ्यांत जात नाहीं. जें सर्वोच्च न्यायालयास शोभतें, तें आठवीच्या प्रकल्पास शोभणार नाहीं काय?

येथपर्यंत इच्छेची गोष्ट झाली. परंतु काटकसर नुसत्या इच्छेनें होत नाहीं. ती ज्ञानानें होते. पाठपोट छापावयाचें ठरवून जो चुकीची खूण करतो, त्याची दुसरी बाजू उलटी छापली जाते, सगळा गठ्ठा रद्दींत जातो, आणि वांचविण्याऐवजीं दुप्पट कागद वाया जातो. म्हणून ज्या एका प्रश्नावर हें सारें अवलंबून आहे तो मुलांनीं नीट समजून घ्यावा. संगणक विचारतो : पान लांब कडेवर उलटावयाचें कीं आंखूड कडेवर? पुष्कळांस वाटतें कीं, मजकूर उभा आहे कीं आडवा आहे, ह्यावर हें ठरतें. तसें नाहीं. कागद कोणत्या कडेला शिवला, टोंचला किंवा धरला जाणार, ह्यावर तें ठरतें. जी कड शिवणीची, तीच कड उलटण्याची; एवढें एक सूत्र पाठ असलें म्हणजे पुरे.

उदाहरणें घेऊं. निबंध उभ्या पानावर आहे व डाव्या बाजूस शिवावयाचा आहे. डावी बाजू ही लांब कड, तेव्हां लांब कड निवडावी. आपलें बायबल, आपलीं पाठ्यपुस्तकें, आपल्या वह्या, सर्व ह्याच जातीचीं. पत्रिका उभीच आहे, पण वरच्या बाजूस तार घालून भिंतीवर टांगावयाची आहे व पान वर उचलून मागचा मजकूर वाचावयाचा आहे. वरची बाजू ही आंखूड कड, तेव्हां आंखूड कड. गुणांचा तक्ता आडव्या पानावर आहे व डावीकडे टोंचावयाचा आहे. आडव्या पानाची डावी बाजू आंखूड असते, म्हणून आंखूड कड. आणि आडवें पान वरच्या लांब बाजूस धरून उलटावयाचें असेल, तर लांब कड. तीच आपल्या आजोबांच्या पोथीची रीत. ज्यास हें वाचून कळलें नसेल, त्यानें एक कोरा कागद घ्यावा, पुढें एक व मागें दोन असे अंक लिहावे, आणि चारहि तऱ्हांनीं उलटून पाहावें. पांच मिनिटांत जन्माचें ज्ञान होईल.

आतां संगणकावरील कृति. वर्डमध्यें लेख छापतांना ‘फाईल’ व त्यांतील ‘प्रिंट’ येथें गेलें कीं, ‘प्रिंट वन साइडेड’ अशी ओळ दिसते. ती दाबून ‘प्रिंट ऑन बोथ साइड्स’ निवडावें. तेथेंच ‘लाँग एज’ किंवा ‘शॉर्ट एज’ असे दोन पर्याय असतात. प्रत्येक वेळीं हें करणें नको असेल, तर विंडोजमध्यें प्रिंटरांच्या यादींत आपल्या प्रिंटराचें नांव निवडून ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ येथें पाठपोट हीच कायमची रीत लावून ठेवावी. शाळेच्या किंवा घरच्या यंत्रावर हें एकदां कोणी केलें, म्हणजे पुढें शंभर जणांस आठवण ठेवावी लागत नाहीं. चांगली संवय माणसास लावणें कठीण. यंत्रास लावणें सोपें. पर्यायच दिसत नसेल, तर प्रिंटराच्या ‘डिव्हाइस सेटिंग्ज’मध्यें पाठपोट छापणारा भाग ‘इन्स्टॉल्ड’ असा नोंदला आहे कीं नाहीं, हें पाहावें. कित्येकदां यंत्रास तो अवयव असतो, पण संगणकास त्याची खबर नसते.

एक्सेलमधील तक्त्यांची गोष्ट किंचित् निराळी आहे, व घोटाळे होतात ते बहुधा येथेंच. एका फाईलींत इयत्तावार पांच-सात तक्ते असतात, आणि छपाईची मांडणी प्रत्येक तक्त्यागणिक वेगळी सांठविली जाते. पहिल्या तक्त्यास पाठपोट सांगितलें व सगळी फाईल छापावयास दिली, तर पहिला तक्ता पाठपोट व बाकीचे एकाच बाजूस, असा प्रकार होतो. म्हणून प्रत्येक तक्ता उघडून त्याची मांडणी तपासावी. सर्व तक्ते एकत्र निवडूनहि काम करितां येतें. परंतु काम होतांच ती निवड सोडावी, नाहीं तर एका तक्त्यांत लिहिलेला अंक सर्व तक्त्यांत उमटून गुणपत्रकांचा चुथडा होईल. शिवाय, नवा तक्ता पुष्कळदां नव्याच कागदावर सुरू होतो, हेंहि लक्षांत असावें. छापण्यापूर्वीं सर्व स्तंभ एका पानाच्या रुंदींत बसविण्याचा पर्याय घ्यावा, आणि ‘प्रिंट टायटल्स’मध्यें शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर येईल असें करावें, नाहीं तर मागच्या बाजूचे आंकडे कोणत्या विषयाचे, हें पाहण्यास वाचकानें कागद फिरवीत बसावें लागतें. लिब्रेऑफिस हा जो विनामूल्य कार्यक्रम आहे, त्यांतहि छपाईच्या खिडकींत दोन्ही बाजूंचा पर्याय असतो.

ज्यांच्या घरचा प्रिंटर आपोआप पान उलटीत नाहीं, त्यांनींहि निराश होऊं नये. प्रथम विषम पानें छापावीं, गठ्ठा पुन्हां आंत घालावा, व मग सम पानें छापावीं. वर्डमध्यें हातानें पाठपोट छापण्याचा पर्यायहि आहे. एक्सेलमध्यें सम-विषम असा भेद करितां येत नाहीं, म्हणून तक्ता आधीं पीडीएफ करून त्या वाचकावरून छापावा. गठ्ठा कोणत्या तोंडानें घालावा हें यंत्रागणिक बदलतें. म्हणून एका कागदावर पेन्सिलीनें बाण काढून एक चांचणी घ्यावी आणि जें उत्तर मिळेल तें यंत्रावर चिकटवून ठेवावें. पानांची संख्या विषम असेल तर आणखी एक दक्षता : सात पानांच्या लेखास विषम पानांचे चार कागद होतात, पण सम पानें तीनच, तेव्हां सातव्या पानाचा कागद आधींच बाजूस काढावा.

दापोलीकरांस एक विशेष सूचना करावीशी वाटते. आमच्या कोंकणांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच ओली असते, आणि कागद ती ओल शोषून घेतो. लेसर यंत्रांत पहिली बाजू छापतांना कागद तापतो, त्यांतील ओल उडते आणि तो वळतो. मग तोच कागद दुसऱ्यांदां आंत जातांना अडकतो. ‘पाठपोट छपाईनें यंत्र बिघडतें’ अशी जी तक्रार पावसाळ्यांत ऐकूं येते, तिचें मूळ पुष्कळदां यंत्रांत नसून ओल्या कागदांत असतें. रिमाचें वेष्टण फाडून तें उघडें टाकूं नये. लागतील तेवढेच कागद काढून बाकीचे गुंडाळून कोरड्या कपाटांत ठेवावे. कागद फार पातळ असला तर एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूस दिसते. म्हणून पाठपोट छपाईस निदान ७५ ग्रॅमचा कागद घ्यावा. पातळ कागद दोनदां घेण्यापेक्षां बरा कागद एकदां घेणें, हीच खरी काटकसर.

अपवाद आम्हांस मान्य आहेत. फलकावर चिकटवावयाची सूचना, भिंतीवर लावावयाचा तक्ता, प्रशस्तिपत्रक, कापून वाटावयाच्या चिठ्ठ्या, आणि ज्यावर कचेरीनें एकच बाजू स्पष्टपणें मागितली आहे असा अर्ज, हे एकाच बाजूस छापावे. ज्या कच्च्या लेखावर गुरुजींनीं दुरुस्त्या लिहावयाच्या आहेत, त्याची पाठहि कोरी असणें सोयीचें. पण पाहा, ह्या प्रत्येकास कारण आहे. कारण असलें म्हणजे एक बाजूहि शहाणपणाची. कारण नसलें म्हणजे ती नुसती उधळपट्टी.

आतां त्या पाठकोऱ्या कागदांविषयीं, जे आधींच घराघरांत सांठले आहेत. आमच्या आधींच्या पिढीनें अशा कागदांच्या वह्या शिवून त्यांवर गणितें सोडविलीं, आणि ती रीत आजहि उत्तम आहे. मात्र एक काळजी घ्यावी. ज्या कागदाच्या पुढच्या बाजूस कोणाचे गुण, कोणाच्या घरचें उत्पन्न, कोणाचा आधार क्रमांक छापलेला आहे, तो कागद पाठ कोरी आहे म्हणून मुलांच्या हातीं देऊं नये, कीं वाण्याच्या पुडीस जाऊं देऊं नये. तो फाडून नष्ट करावा. गरिबाच्या मुलाची फी-सवलत पुडीच्या कागदावर बाजारभर फिरणें, ही काटकसर नव्हे. ती निष्ठुरता आहे. मुळांतच पाठपोट छापलें व लागतील तेवढ्याच प्रती काढल्या, तर असे कागद उरण्याचा प्रसंगच कमी येतो.

सारांश, आमची विनंति तिघांस आहे. शिक्षकबंधुभगिनींनीं प्रकल्प सांगतांना एक वाक्य अधिक उच्चारावें कीं, पाठपोट छापलेल्या प्रकल्पाचा एकहि गुण कापला जाणार नाहीं. मुलें जो खर्च करितात तो बहुतांशीं गुणांच्या भयानें करितात, आणि तें भय दूर करणें शिक्षकांच्याच हातीं आहे. पालकांनीं दुकानांत ‘दोन्ही बाजूंस छापा’ असें आरंभींच सांगावें; तसें सांगण्यांत गरिबी दिसत नाहीं, जाणतेपणा दिसतो. आणि विद्यार्थ्यांनीं छपाईची कळ दाबण्यापूर्वीं पडद्यावर पान एकदां पाहावें, शिवण कोणत्या कडेला येणार हें मनांत ठरवावें, आणि मगच कळ दाबावी.

पांच हजारांचें भोजन झाल्यावर प्रभु येशूनें उरलेले तुकडे गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातीं भाकरी वाढविण्याचें सामर्थ्य होतें, त्यानेंहि उरलेलें वाया जाऊं दिलें नाहीं. आपल्या हातीं तर कागद वाढविण्याचें सामर्थ्य नाहीं; तो बांबूंतून व लाकडांतून, पुष्कळ पाणी व पुष्कळ श्रम खर्चून आपणांकडे येतो. त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या आहेत. हें वार्षिक, जें आपण ह्या क्षणीं वाचीत आहां, तेंहि पाठपोट छापलेलें आहे, आणि त्यामुळें आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखांचा मान कमी झाला आहे असें कोणास वाटत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.